मायना नसलेला निबंध

बायको गेली त्याला दोन उन्हाळे झाले. पोरं म्हणतात, आईचं काहीतरी लिहून ठेवा. मी चौथी शिकलेला माणूस. चार ओळी लिहायच्या तर चार वाफे खुरपल्यागत दम लागतो. पण लिहायचं ठरवलंय, तेव्हा लिहिणार. तिचं सगळं सांगत बसणार नाही. एका निबंधाचं सांगतो.

पन्नास सालाच्या पुढची गोष्ट. आमचं गाव निरवांगीच्या बाजूचं. पाटाच्या पाण्यावर वांगी, कांदा, मिरची करायची आणि इंदापूरच्या, नाहीतर बारामतीच्या बाजाराला न्यायची, हा आमचा धंदा. ती लग्न होऊन आली तेव्हा पाचवी पास होती. आळीत एवढी शिकलेली दुसरी बाई नव्हती. त्यामुळं पोस्टाचं कार्ड घेऊन कुणी ना कुणी बाई आमच्या ओसरीवर बसलेलीच. कुणाला माहेरी कळवायचं असायचं, कुणाला मिलिटरीतल्या नवऱ्याला.

तिला मास्तरीण व्हायचं होतं. त्याला सातवीची फायनल पास व्हावी लागायची, मग पुण्याला ट्रेनिंग. परीक्षेला बाहेरून बसता येत होतं, पण माझ्या वडिलांना विचारल्याशिवाय घरात पान हलत नव्हतं. आबांना विचारायचं माझं धाडस झालं नाही. तिनंच विचारलं, दाराआड उभं राहून. आबा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "एकदा बस. पास झालीस तर जा पुढं. न्हाय झालीस तर परत या घरात पुस्तकाचं नाव काढायचं न्हाय."

म्हणजे पाटाच्या पाण्यागत एकच पाळी. चुकली की वाफा कोरडा.

गावातले गुरुजी तिला जुनी पुस्तकं देत आणि वही तपासून देत. हिशेबात ती माझ्या पुढं होती. इतिहास-भूगोल पाठ करायची. अडलं ते निबंधाला. गुरुजींनी पहिला विषय दिला इंदापूरच्या बाजाराचा. तिनं पाटीभर लिहिलं, मग वहीत उतरवलं. सुरुवात अशी होती: 'साष्टांग नमस्कार वि. वि. इकडील सर्व मंडळी खुशाल आहेत. तिकडील खुशाली कळवत जावी. पत्रास कारण की, इंदापूरला दर आठवड्याला बाजार भरतो.' आणि शेवटी, 'वडील माणसांस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. उत्तर पाठवावे.'

गुरुजी एवढे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, "पोरी, तपासणाऱ्याची खुशाली विचारतेस व्हय? उत्तर येईल त्याचं, पण नापासाचं."

तिनं घरी येऊन वरचा मायना खोडला, खालचा नमस्कार खोडला. मधे पाच ओळी उरल्या. दुसऱ्या दिवशी नवा विषय घेऊन बसली तर पेन्सिल जागची हलेना. मी विचारलं तर म्हणाली, मायना घातल्याबिगर लिहायचं म्हणजे डोक्यावर पदर न घेता थोरामाणसांपुढं गेल्यागत वाटतंय.

आठ दिवस हेच चाललं. लिहायची, पुसायची. मी तोंडाचा फटकळ. म्हणालो, एवढं येत न्हाय तर दे सोडून. तिनं पाटी खाली ठेवली आणि माझ्याकडं सरळ बघितलं.

"सोडायचं असतं तर मामंजींपुढं उभी ऱ्हायले असते व्हय मी?"

मी पाटी उचलून परत तिच्या हातात दिली.

मग एका सकाळी शेजारची म्हातारी आक्का कार्ड घेऊन आली. भावाला पत्र लिहायचं होतं. बसल्या बसल्या तिनं सुरू केलं: म्हैस आटली, थोरल्या सुनेला दिवस गेलेत, जावेनं कुंपण सरकवलं, पावटा किडला, आणि मधेच त्या जावेच्या आईचं कुळशील. माझी बायको म्हणाली, "आक्का, थांबा. कार्ड एवढंसं हाय. आधी सांगा, काय काय कळवायचं? बोटाच्या पेरांवर मोजू." आक्कानं पाच पेरं मोजली. ती म्हणाली, यातलं कोणतं नाय कळवलं तर कार्ड वाया जाईल? आक्का जरा विचार करून म्हणाली, सुनेचं. मग ते वर आलं, कुंपण दुसरं, म्हैस तिसरी. पावटा आणि जावेची आई गळली. आक्का त्या आईपायी थोडी रुसली, पण कार्ड झालं.

मी ओसरीच्या कडेला खुरप्याला दांडा बसवत होतो. आक्का गेल्यावर म्हणालो, "बाकीच्या बायकांना इचारतेस तसं सोताला का इचारत न्हाईस?"

ती उठून चुलीकडं गेली. पण दुपारी भाकरी घेऊन मळ्यात आली तेव्हा पाटी संगं होती. चारीच्या बांधावर मला बसवलं आणि गंभीर तोंड करून म्हणाली, "बोला आक्का, काय कळवायचं?"

मला मिशा होत्या, तरी मी आक्का झालो. विषय पाटाच्या पाण्याचा. मी पेरं मोजून सांगितलं: पाणी पाळीनं येतं, पाळीवरून भांडणं होतात, पाळी चुकली की वांगी सुकतात. म्हणालो, पाळीनं येतं हेच वर घाल. तिनं मान हलवली. म्हणाली, "कार्ड ज्याला जातंय त्यानं आपलं घर बघितल्यालं असतंय. तपासणाऱ्यानं आपला पाट कुठं बघितलाय? त्याला आधी बांधावर आणून उभा करायला पायजे."

हे तिचं तिला सापडलं. गुरुजींनी सांगितलं नव्हतं, मी तर सांगणारच नव्हतो. तिनं पहिली ओळ लिहिली ती पाटाचं दार उघडल्यावर कोरड्या चारीतून पाणी कसं काटक्या ढकलत येतं याची. मायना नाही, खुशाली नाही. पुढच्या तीन गोष्टी पेरांप्रमाणं खाली आल्या. शेवट कसा करायचा, मी विचारलं. म्हणाली, सांगून झालं की उठायचं.

त्यानंतर रोज दुपारी मी आक्का. बैलाचा निबंध झाला, विहिरीचा झाला, मी न बघितलेल्या समुद्राचासुद्धा झाला. शेजारचे गडी विचारायचे, नवरा-बायको बोटं मोजत काय करताय? मी सांगायचो, निबंध पेरतोय.

परीक्षा बारामतीला होती. पहाटेची एसटी धरून गेलो. मराठीचा पेपर चालू असताना मी बाहेर लिंबाखाली भाकरीचं गाठोडं घेऊन बसून होतो. बाहेर आली तेव्हा तिच्या अंगठ्याला शाई होती आणि तोंड उतरलेलं. विषय आला होता 'शेतातली दुपार'. पेरं मोजली होती, सुरुवात बांधावरनं केली होती, सगळं बेतानं झालं होतं. पण शेवटची ओळ झाली आणि हात आपसूक पुढं गेला. 'उत्तर पाठवावे' असं लिहिलं आणि मग ध्यानात आलं, म्हणून आडवी रेघ मारली. आता ती रेघ दिसणार, असं म्हणत होती. घर येईपर्यंत एसटीत तिनं त्या रेघेशिवाय दुसरा विषय काढला नाही. मी म्हणालो, खोडलंस ना, मग झालं. पण मलाही घोर लागला होता. आबांनी शब्द फिरवल्याचं मी कधी बघितलं नव्हतं.

निकाल गुरुजींनी आणला, थेट कांद्याच्या रानात. पास. तिनं हातातला कांदा खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि आधी आबांच्या पाया पडायला घरी गेली. आबा 'बरं' एवढंच म्हणाले. पुढच्या बाजाराला गेले ते डोक्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन आले.

ती पुण्याला गेल्यावर महिन्याभरानं आबांनी मला कार्ड आणायला लावलं. त्यांना अक्षर येत नव्हतं. मी म्हणालो, आबा, काय काय कळवायचं ते पेरांवर मोजा. त्यांनी बोट वर केलं, एकच.

"लिव्ह, घरचं बघाया आमी हाय. मधीच येऊ नगं."

मग थांबून म्हणाले, मायना मात्र नीट घाल, सून हाय आपली.

ते कार्ड तिनं नोकरी संपेपर्यंत शाळेच्या पिशवीत ठेवलं. आता माझ्याकडं आहे.

आज लिहायला बसायच्या आधी मीही पेरं मोजली. आबांची अट, खोडलेला मायना, ती रेघ. तिन्ही सांगून झाली. ज्यांनी आमचं घर बघितलं नाही त्यांना बांधावर आणता आलं का नाही, ते तिनं सांगितलं असतं. आता उठायला पाहिजे. पण शेवटच्या ओळीखाली माझ्याही हातानं 'उत्तर पाठवावे' लिहिलं. त्यावर रेघ मारलीय.