मागणीशिवाय गाणं नाही

जपानच्या उत्तरेला हाचिनोहे बंदरात कुणाचं प्रेम मोडलं की घरच्यांच्या आधी ते किनुकोला कळायचं. ती कुणाची मैत्रीण नव्हती आणि ज्योतिषीण तर नव्हतीच. मासळीबाजारामागे चटया शिवणाऱ्याच्या दुकानावर एक खोली होती, तिथे कानाला यंत्र लावून ती फोन घ्यायची. त्या खोलीतून निघालेल्या तारा खांबाखांबांवरून न्हाव्याच्या दुकानात, कॉफीच्या दुकानांत, सार्वजनिक न्हाणीघरात आणि बंदरावरच्या माकूळ मासळी सोलायच्या शेडमध्ये जात, आणि तिथल्या कर्ण्यांतून गाणी वाजत. ज्याला जे गाणं हवं असेल त्याने फोन करायचा. किनुकोने गाण्याची तबकडी काढून लावायची आणि कागदावर त्या गाण्यापुढे एक रेघ मारायची. बस्स, एवढंच काम. ते किनुको त्सुकिदातेने सत्तावीस वर्षं केलं, आणि तिच्यासारखं करणारी पुन्हा झाली नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

आता गंमत अशी की गाणं मागणाऱ्याला गाण्याचं नाव कधीच माहीत नसतं.

"ते लावा ना हो, ती बाई रडते ते."

"कुठे रडते?"

"अं... स्टेशनवर."

"गाडी सुटलीय की सुटायचीय?"

"सुटलीय. आणि छत्री विसरलाय तो."

"तो विसरलाय की ती विसरलीय?"

"तो, तो! हां, तेच!"

तोवर तबकडी फिरायला लागलेली असायची. आपल्याकडची गाणाऱ्या बायकांची प्रेमगीतं म्हणजे कुणीतरी कुठेतरी उभी आणि कुणीतरी निघून गेलेला, हे किनुकोने पहिल्या वर्षातच ओळखलं होतं. म्हणून तिने फळीवरच्या तबकड्या गायिकांच्या नावाने लावल्याच नाहीत. बंदरावर उभ्या राहणाऱ्या बायका एका खणात, स्टेशनवरच्या दुसऱ्यात, पुलावरच्या तिसऱ्यात, दारूच्या गुत्त्यातल्या चौथ्यात. न रडणाऱ्यांचा एक छोटा खण अगदी वर होता. सेंदाईच्या मुख्य कचेरीतून तपासनीस आला तेव्हा त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. अक्षरवार लावा म्हणाला. किनुको म्हणाली, "साहेब, फोनवर मला कुणी अक्षर सांगत नाही." त्याने परीक्षा म्हणून एका गाण्याचं वर्णन सुरू केलं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तबकडी त्याच्या हातात होती. त्याने चहा घेतला आणि फळी आहे तशी राहू द्यावी असा शेरा लिहून गेला.

तिचा नियम एकच होता, मागणीशिवाय गाणं नाही. नवी गाणी घेऊन टोकियोहून गायिका यायच्या. खोलीच्या उंबरठ्याशी कमरेत वाकून नमस्कार करायच्या, मिठाईचे डबे ठेवायच्या. किनुकोही तेवढीच वाकून नमस्कार करायची, डबा खालच्या चटईवाल्याला द्यायची आणि तबकडी खणात ठेवून द्यायची. कुणी मागितली तर लागेल.

एकोणिसशे एकोणऐंशीच्या जूनमध्ये अशीच एक गायिका जिना चढून आली. ती किनुकोची सख्खी धाकटी बहीण नामिए होती.

नामिए एकोणिसाव्या वर्षी माकुळाच्या शेडमधून जी पळाली ती थेट टोकियोत. सात वर्षं एका संगीतकाराच्या घरी केरवारे काढत गाणं शिकली. नाव बदलून इसोनो चिदोरी झाली. पहिली तबकडी कुठे आली नि कुठे गेली, कळलंसुद्धा नाही. आता ही दुसरी होती, 'दुसरं माप' नावाची. तबकड्यांच्या कंपनीने बजावलं होतं की ऑगस्टअखेर उत्तरेकडच्या गावागावांतल्या रेघा मोजून सेंदाईत बनणाऱ्या मागण्यांच्या यादीत पहिल्या विसांत गाणं आलं तर पुढचा करार, नाहीतर सामान बांधायचं.

"ताई, दिवसातून तीनदा लाव," नामिए म्हणाली. "फक्त तीनदा. जास्त नाही मागत."

"मागायला लोक आहेत. त्यांनी मागितलं की लावीन."

"ऐकलंच नाही तर मागतील कसं?"

किनुको म्हणाली, "तुझ्यासारख्या चाळीसजणी या दारात येऊन गेल्या. त्यांनाही बहिणी असतील."

"पण त्यांच्या बहिणी इथे बसलेल्या नाहीत ना! माझी बसलीय, तर काय उपयोग?"

नामिएने आणलेला मिठाईचा डबा उचलून परत पिशवीत घातला आणि जिना उतरून गेली. जेवायलासुद्धा थांबली नाही. रात्रीच्या ऐवजी दुपारचीच गाडी पकडली. किनुकोने तबकडी हातात घेतली तेव्हा ती कुठल्या खणात ठेवायची तेच तिला कळेना. गाण्यातला माणूस निघून जातो, पण बाई बंदरावर जात नाही. घरी तांदूळ धुवायला घेते, सवयीने दोन मापं घेते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला भात एकटी खाते. स्वयंपाकघरात उभी असलेली बाई त्या फळीवर तोवर नव्हती. किनुकोने एक नवा खण केला आणि त्यात ती एकच तबकडी उभी करून ठेवली.

जुलै कोरडा गेला, एकही मागणी आली नाही. मॅनेजर ओनोदेरा भला माणूस होता. एकदा हळूच म्हणाला, "किनुको-सान, दहा-वीस रेघा मारल्या तर सेंदाईला कोण बघायला बसलंय? सगळीकडे मारतात."

"ते सगळीकडे. इथे नाही."

बोलली खरी, पण त्या दिवशी घरी जाताना तिच्या डोक्यात नामिएच होती. नामिए परत आली तर कुठे येणार, तर शेडमध्येच. पहाटे चारला, रबरी बूट घालून, आईच्या शेजारी.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी सकाळी नवाला फोन वाजला. पलीकडे शेडमधली कोमाकीमावशी होती. जन्मात कुणाशी सरळ न बोललेली ही बाई अगदी गोड आवाजात म्हणाली, "कृपया इसोनो चिदोरी यांचं 'दुसरं माप' हे गाणं ऐकण्याची फार इच्छा आहे."

किनुकोने दीड महिना ज्याची वाट पाहिली ती मागणी आली होती. तिने तबकडी लावली. पाच मिनिटांत दुसरा फोन आला. आवाज वेगळा, वाक्य तेच, 'फार इच्छा'सकट. मग तिसरा. आता किनुकोच्या डोक्यात प्रकाश पडला.

"काय गं मावशी, गाण्यात आहे काय?" पुन्हा कोमाकीमावशी फोनवर आली तेव्हा तिने विचारलं. शेडमधली यंत्रं अशी खडखडत होती की सकाळी गाणं लागून गेलेलं तिथे कुणाला धड ऐकूही आलं नव्हतं.

"काय असणार? प्रेम आहे."

"ते सगळ्यांतच असतं."

"मग... बंदर असेल."

"बंदर नाही त्यात."

"मग तुझ्या आईला विचार, तिनेच कागद दिलाय!" मावशी म्हणाली आणि तिने फोन आपटला.

आई म्हणजे तामे त्सुकिदाते, शेडमधली सगळ्यांत जुनी सोलणारी. सुरी आणि जीभ, दोन्ही सारख्याच धारेच्या. त्या दिवशी एकोणीस फोन आले. कचेरीच्या नियमांच्या वहीत एक ओळ होती की गायकाच्या घरच्यांनी किंवा माणसांनी करवलेले फोन धरू नयेत. ती ओळ आख्ख्या उत्तरेत कुणी पाळत नव्हतं. किनुकोने संध्याकाळी पट्टी घेऊन एकोणीसच्या एकोणीस रेघा खोडल्या.

घरी भांडण झालं ते गल्लीने ऐकलं.

"पोटची पोर आहेस की कचेरीची?" तामे ओरडली. "मी बायकांच्या हातापाया पडले!"

"पडायला नको होतंस."

"ती परत आली ना, तर तिच्या हातातली सुरी बघत बस मग!"

किनुको खोलीत गेली, भिंतीकडे तोंड करून बसली आणि रडली. नियम बरोबर होता, ती बरोबर होती आणि तिला आपण जगातली सगळ्यांत वाईट बहीण आहोत असं वाटत होतं.

पण ते एकदा लागलेलं गाणं तारेतून सगळीकडे गेलं होतं ना. बुधवारी न्हावी हिराकुकी याचा फोन आला.

"बाई, एक गिऱ्हाईक दाढी करू देत नाहीये. परवापासून एक गाणं शोधतंय म्हणे. घ्या, तुम्हीच बोला."

फोनवर एक दबका आवाज आला. त्याच्या तोंडाला बहुधा साबण होता. "ते... तांदूळ धुणारी बाई आहे ती."

किनुकोच्या हातातली पेन्सिल थांबली. तरी तिने विचारलं, "धुते आणि काय करते?"

"माप चुकतं तिचं." मग तो म्हणाला, "शिळा भात एकट्याने खाण्याबद्दल कुणी गाणं करील असं वाटलं नव्हतं मला. कोण गाते हो?"

माझी बहीण, हे तिच्या ओठांवर आलं होतं. "इसोनो चिदोरी," ती म्हणाली. तबकडी लावली आणि कागदावर एक रेघ मारली. त्या गाण्याच्या नावापुढची ही पहिली खरी रेघ.

मग न्हाणीघरातून फोन आला, बर्फाच्या कारखान्यातून आला. कुणालाही नाव येत नव्हतं. "ती भातवाली", "दोन मापांची", "ती रडत नाही ना, ती". प्रत्येकाला किनुको खोदून विचारायची, आणि नीट सांगितलं तरच रेघ मारायची. दहा दिवसांनी खुद्द कोमाकीमावशी फोनवर आली. शेडमध्ये यंत्रं बंद असताना गाणं लागलं होतं.

"ए किनुको, ते तांदळाचं लाव गं. डोक्यातून जातच नाही मेलं. काल मीच दोन मापं घातली आणि म्हातारा गेला त्याला सहा वर्षं झाली."

ही रेघ किनुकोने धरली.

ऑगस्ट संपला, कागद सेंदाईला गेले. पुढचा आठवडा किनुकोने कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. शनिवारी ओनोदेरा छापील यादी घेऊन दोनदोन पायऱ्या चढत आला आणि धापा टाकत त्याने सतराव्या ओळीवर बोट ठेवलं.

दुपारी टोकियोहून फोन आला.

"ताई," नामिए म्हणाली. "खरं सांग. तू मारल्यास का रेघा?"

"एकही नाही."

"शपथ?"

"उलट आईच्या एकोणीस खोडल्या."

नामिए हसायला लागली, आणि हसता हसताच नाक ओढत म्हणाली, "यादीतल्या बाकीच्या एकोणीस जणींना विचार, त्यांचं गाणं खरंच किती लोकांनी मागितलं. एकीला तरी सांगता येईल का? मला येतं, ताई."

सोमवारी सकाळी शेडमधून फोन आला. पलीकडे बायकांचा गलका होता, आणि त्याच्यावर चढलेला एक आवाज किनुकोने लगेच ओळखला. तामेच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. ती आख्ख्या शेडला ऐकवत होती, "आमच्या थोरलीने एकोणीस खोडल्या, कळलं? सख्ख्या आईच्या! तरी धाकटी सतरावी आली! आहे कुणाच्या घरात अशी एक तरी?"

मग तिने फोन तोंडाशी धरला. "हॅलो. गाणं लाव."

"कुठलं?" किनुकोने विचारलं.

"कुठलं म्हणजे? माहीत नाही तुला?"

"सांगावं लागतं, आई. सगळ्यांनाच सांगावं लागतं."

तामेने न अडखळता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, गाणं सांगितलं. आख्खी शेड सुऱ्या खाली ठेवून ऐकत होती. किनुकोने तबकडी लावली. रेघ मात्र मारली नाही, कारण तो फोन घरचा होता.