हरलेल्या जोडीचा बाक

बॅडमिंटन मला येत नाही. हे विनयानं म्हणत नाही, खरंच येत नाही. शटल येताना मला दिसतं, रॅकेटही मी वेळेवर उचलते, आणि मग दोघं एकमेकांना न भेटताच निघून जातात. तरी सदतिसाव्या वर्षी मी रोज सकाळी सहाला विश्रांतवाडीतल्या एका हॉलमध्ये जायला लागले. डॉक्टरांनी खरं तर चालायला सांगितलं होतं. पण एकटीनं चालताना पायांपेक्षा डोकंच जास्त चालतं, आणि त्या वर्षी मला नेमकं तेच नको होतं.

त्या वर्षी माझा घटस्फोट झाला होता. मी मूळची यवतमाळची, नोकरीसाठी पुण्यात आलेली. घटस्फोटानं नाही, त्यानंतरच्या 'बिचारी'नं माझा जास्त जीव खाल्ला. ऑफिसात माझ्या टेबलापाशी आले की लोक आवाज खाली करायचे. गावाहून काकूचा फोन आला की पहिला प्रश्न, "जेवून राहिली ना वं बाई?" मी दोन्ही वेळा चांगली चवीनं जेवत होते. पण तसं सांगितलं की काकू लगेच फोन ठेवायची. बिचारीनं निदान चार घास कमी खावेत, अशी सगळ्यांची अपेक्षा असावी.

हॉलमध्ये कोर्ट एकच आणि माणसं दहा-बारा. म्हणून तिथे एक नियम होता. आल्या आल्या आपली रॅकेट भिंतीकडच्या बाकावर ओळीनं ठेवायची. पहिल्या दोन रॅकेटची एक जोडी, पुढच्या दोनांची दुसरी. जिंकलेली जोडी कोर्टवर थांबणार, हरलेली बाहेर येणार आणि ओळीच्या शेवटी रॅकेट ठेवून पुन्हा पाळी येईपर्यंत बसणार. ते बसणं अर्ध्या तासाचं. म्हणजे एकदा माझ्या शेजारी रॅकेट पडली, की त्या माणसाच्या गळ्यात मी सकाळभर.

हे सगळ्यांना आठवड्यातच कळलं. माझी रॅकेट ओळीत एकटी दिसली की लोकांच्या बुटांच्या नाड्या सुटायला लागायच्या. दारातच वाकून बसायचे, दुसरा कुणी आधी पुढे जाईल या आशेवर. मी ते बघत उभी असायचे. हसायला यायचं, पण लागायचंही. खोटं कशाला बोलू.

एक दिवस एका माणसानं येऊन सरळ माझ्या शेजारी रॅकेट ठेवली. चाळिशीचा, चष्मा, कॉलेजात गणित शिकवणारा, जुन्या पुण्यात वाढलेला. आम्ही एकवीस-तीननं हरलो. बाकावर बसत तो म्हणाला, "तीन झाले की. मी दोन धरून चाललो होतो."

मला इतकं हसू आलं की घोटभर पाणी नाकात गेलं. कितीतरी दिवसांनी माझ्याशी कुणी खवचट बोललं होतं.

मग रोजच तो शेजारी. आम्ही रोज हरायचो आणि रोज बसायचो. त्याच्या थर्मासमध्ये चहा असायचा, माझ्याकडे कधी शेंगदाण्याचा लाडू, कधी आमच्याकडचा तिखट चिवडा. चिवडा खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि तो म्हणायचा, "छान आहे, शस्त्र म्हणून." त्याची बायको सहा वर्षांपूर्वी आजारपणात गेली होती. हे त्यानं तिसऱ्या महिन्यात सांगितलं, आज ढग आलेत म्हणावं तसं. मी हळहळले नाही. म्हटलं, "मग स्वयंपाक कोण करतं?"

"मीच. म्हणून तर खेळायला येतो. कडकडून भूक लागल्याशिवाय तो घशाखाली उतरत नाही."

असं दीड वर्ष गेलं. मला तो आवडायला लागला होता, हे मी स्वतःशी कबूल केलं होतं. त्याच्याशी नाही.

आणि एका शुक्रवारी, निघताना, आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका मला पार्किंगमध्ये म्हणाल्या, "अगं, तो इथला सगळ्यात चांगला खेळाडू होता. आता रोज हरतो. मनानं फार चांगला आहे हो. कुणी एकटं पडलेलं त्याला बघवत नाही."

त्या भल्या बाई आहेत, त्यांनी प्रेमानंच सांगितलं. पण मला झोंबलं. म्हणजे इथेही तेच. मी ज्याला चहा आणि गप्पा समजत होते, ते समाजकार्य चाललं होतं. ती सगळी संध्याकाळ मी भांडी आपटत घालवली आणि ठरवलं, उद्या त्याला तोंडावर विचारायचं आणि हॉल सोडायचा.

शनिवारी मी मुद्दाम आयटीतल्या एका गृहस्थांच्या शेजारी रॅकेट ठेवली. हा आला, ओळ बघितली, त्या गृहस्थांची रॅकेट शांतपणे उचलून मागे ठेवली आणि तिथे स्वतःची ठेवली. असं त्या हॉलमध्ये कधी घडलं नव्हतं.

"अहो, नियम आहे," कुणीतरी म्हणालं.

"माहीत आहे. मीच केलाय."

गृहस्थांनी तक्रार केली नाही. उलट त्यांचा चेहरा खुलला. माझं डोकं आणखी फिरलं.

आणि नेमके त्या दिवशी आम्ही जिंकलो. समोरच्या एकाची कंबर धरली होती आणि दुसरा त्याच्यावर चिडलेला होता. शेवटचा गुण माझा, म्हणजे शटल माझ्या रॅकेटच्या कडेला लागून, नेटवर अडखळून पलीकडे पडलं. राग विसरून मी चक्क उडी मारली. वळून बघते तर याचा चेहरा उतरलेला.

"जिंकलो ना आपण? मग तोंड पाडून काहून उभे?"

"जिंकलो म्हणजे आता बाहेर जाता येणार नाही."

"मग?"

"मग बसणार कधी?"

हे तो माझ्याकडे न बघता, नेटकडे बघून म्हणाला. तोवर पुढची जोडी कोर्टवर आली होती. तो गेम आम्ही एकवीस-चारनं हरलो. मुद्दाम हरायची गरज पडली नाही, तेवढं मला जमत होतं.

बाकावर बसल्यावर मी विचारलंच. "एक सरळ विचारते, सरळ सांगा. माझी दया येऊन खेळून राहिले का तुम्ही माझ्याबरोबर? तसं असेल तर उद्यापासून मी येत नाही."

त्यानं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं बराच वेळ पुसला.

"दया आली असती तर शिकवलं असतं."

"काय शिकवलं असतं?"

"रॅकेट धरायला. तव्यावरची पोळी उलटायला उलथणं धरतात, तशी धरता तुम्ही. पहिल्या दिवशीच दिसलं होतं मला. आठवड्यात सुधारलं असतं." चष्मा अजून हातातच होता. "मग जिंकायला लागलो असतो."

दीड वर्ष. दीड वर्ष सगळ्या हॉलसमोर माझं हसं होत होतं आणि हा माणूस शेजारी उभा राहून तोंडातून अक्षर काढत नव्हता. असा संताप आला मला. त्या संतापातच डोळे भरून आले, कारण इतक्या दिवसांत माझ्याकडे बघून पहिल्यांदाच कुणाला माझी काळजी नाही, स्वतःचा स्वार्थ सुचला होता.

"आता शिकवायला आलात तर याद राखा," मी म्हटलं.