पहिल्या नंबरावर सुशीला

मुलीच्या नव्या बॉलमध्ये हवा भरताना रबराचा वास आला आणि मी थेट अमळनेरच्या कॉलेजच्या ग्राउंडवर पोचले.

सराव संपवून आम्ही पायऱ्यांवर बसलो होतो. बास्केटबॉलमधले आजवरचे सर्वांत मोठे पॉवर फॉरवर्ड कोण, यावर वाद पेटला होता. यादी अर्थातच माझ्या वहीत, कारण सराव-सामन्यांच्या नोंदी मीच ठेवायचे. सगळे टीव्हीवर पाहिलेली अमेरिकन नावं सांगत होते. एरंडोलहून येणारी सुशीला आमची पॉवर फॉरवर्ड. बास्केटखाली धक्के खाऊन बॉल ती काढायची आणि गुण दुसऱ्याच्या नावावर लागायचे. "उद्यापासून मी येणार नाही," असं ती सकाळीच म्हणाली होती.

मी पहिल्या नंबरावर तिचं नाव लिहिलं.

मुलांच्या संघातला दिलीप हसला. "हिला एरंडोलच्या पुढे कोण ओळखतं?"

"तिनं किती बॉल काढले ते वहीत आहे. तुझे किती, तेही आहे. वाचू?"

सुशीला माझ्या कानाशी पुटपुटली, "मन्हं नाव खोडी टाक वं, लोके हसतीन."

"पेनानं लिहिलंय. माझ्या वहीत खोडाखोड चालत नाही."

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी ग्राउंडवर हजर होती.

मैत्रिणीनं खेळ सोडू नये म्हणून यादीत लबाडी केली, असं मला बरीच वर्षं वाटायचं. आता मुलीचे सामने बघताना माझी नजर बास्केटखालच्या मुलीवरच असते. ती यादी आज पुन्हा लिहायला घेतली, तरी पहिलं नाव तेच राहील.