तांब्याभर पाण्याची सिद्धता

चैत्रातल्या एका सोमवारी आमच्या शाळेतले भूमितीचे मास्तर रंगाऱ्याच्या गल्लीतल्या विहिरीवर गेले. त्यांनी पोहरा ओढला आणि लोकांसमोर तांब्याभर पाणी प्याले.

त्याआधी मास्तर कसे होते ते तुम्हाला सांगायला हवं. ते फळ्यावर त्रिकोण मुद्दाम वाकडा काढत. सिद्ध करायचं असे की दोन बाजू सारख्या असतील तर त्यांच्यासमोरचे कोनही सारखे. आणि आकृतीत एक बाजू दुसरीच्या दीडपट. मुलं खिदळत. एखादा धीट म्हणे, "मास्तर, त्रिकोण वाकडा शे." मास्तर म्हणत, "असू दे. डोळ्यांना पटवायचं नाही आपल्याला." मग ते एकेक पायरी अशी चढत जात की शेवटी वर्गाला डोळ्यांपेक्षा फळ्यावरची ओळ खरी वाटे.

"दिसतं, पण का?" हा त्यांचा प्रश्न शाळेच्या फाटकाशी थांबत नसे. भाजीवालीने मेथी ताजी म्हटली की तिलाही "कशावरून?" ती एकदा वैतागून म्हणाली, "खाई पाहा ना मास्तर, मंग समजी." मास्तर तिथेच पान चावत उभे राहिले आणि मला म्हणाले, "पंडित, एका जुडीचं कळलं. टोपलीचं नाही."

मी संस्कृत शिकवायचो, म्हणून पंडित. आमचा वाद रोजचा. मी म्हणायचो, आमच्या न्यायशास्त्रातही धुरावरून अग्नी ओळखतात. ते म्हणत, ओळखा, पण आगीवरून धूर ओळखू नका. लोक असा व्यत्यास करतात आणि कुणाचा तरी जीव घेतात. विज्ञान 'आजवर असं दिसलं' म्हणतं, भूमिती 'नेहमी असंच' म्हणते. मात्र ते 'नेहमी' मोडायला एकच उलटं उदाहरण पुरतं, हे ते मुलांकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेत.

त्या वर्षी नंदुरबारात पटकीची साथ आली. गल्लीत पहिला गेला तो नानांचा मुलगा. नाना म्हणजे तिथले वजनदार शेतकरी. त्यांच्या शब्दाबाहेर गल्ली नसे. मुलगा प्रकाशा गावच्या यात्रेहून परतला होता. पाठोपाठ आणखी चौघं गेली. मग कुणी तरी म्हणालं की विहिरीजवळ राहणारा, कापडं रंगवणारा रंगारीचाचा पहाटे विहिरीत पांढरी पूड टाकताना दिसला. ती तुरटी होती, आणि त्याने ती रंगासाठी स्वतःच्या बादलीत घातली होती. पण कुणी पाणी भरू नये म्हणून विहिरीवर काटे पडले. रंगाऱ्याने संध्याकाळच्या आत घर सोडावं, नाही तर घर पेटेल, असं ठरलं. त्याच्या सुनेचे दिवस भरले होते. मी गल्लीत पोचलो तेव्हा दोघांच्या हातात घासलेटच्या बाटल्या होत्या.

मास्तर शूर नव्हते. वर्गात पाल दिसली तर ते बाहेर येऊन उभे राहत. त्या दिवशी ते जमावासमोर जाऊन उभे राहिले. आधी त्यांनी रीतसर मांडून पाहिलं: पहिला रोगी प्रकाशाहून आला, मेलेल्यांपैकी दोघांची घरं या विहिरीचं पाणीच भरत नाहीत. नानांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मन्हा पोऱ्या गया, मास्तर. तो काय फळ्यावरना त्रिकोण व्हता का?"

 मास्तरांनी विचारलं, "हे पाणी जो पिईल तो मरेल, असंच ना तुमचं म्हणणं?"

"हा."

"मग एक माणूस पुरे."

ते काटे बाजूला करू लागले तेव्हा त्यांना थांबवायला एकटा रंगारीचाचा पुढे आला. "मत पिओ मास्तर. आपको कुछ हो गया तो हमारी खैर नहीं."  सगळ्या जमावात तो एकटाच बरोबर बोलत होता.

मास्तर प्याले. नाना म्हणाले, "आठ दिन प्या. तुमले काही हुयनं नही, तं रंगारी आठेच, त्याना घरमाच ऱ्हाई."

रोज सकाळी शाळेआधी तांब्या. नाना विहिरीच्या कठड्यावर बसून मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहत. मग शाळेसमोरच्या ओट्यावर बसून मास्तर किती वेळा परसाकडे जातात तेही मोजत. मीही मोजत होतो.

पाचव्या दिवशी मास्तर तासाला गेले नाहीत. नकाशे ठेवायच्या खोलीत ते गुंडाळलेल्या नकाशांच्या मागे अंगावर सतरंजी ओढून बसले होते. उन्हाने पत्रा तापला होता आणि त्यांचे दात वाजत होते.

"पंडित, दार लावा."

पूर्वी अक्कलकुव्याला नोकरीवर असताना जडलेला हिवताप त्यांना अधूनमधून येई. हा तोच असेल. पण ओट्यावरून नानांना हिवताप आणि पटकी यांतला फरक दिसणार नव्हता. मी दवाखान्यात जाऊन कोयनेल आणलं आणि आजारी मीच आहे असं सांगितलं. कंपाउंडरने माझ्या कपाळाला हात लावला. कपाळ घामाने गार पडलं होतं.

सहाव्या आणि सातव्या दिवशी मास्तर कोपर कठड्याला टेकवून प्याले, म्हणजे हात हलताना दिसू नये. सातव्या दिवशी नानांनी विचारलं, "मास्तर, बरा शेतस ना?" ज्या माणसाने मुलांना एक पायरी कधी गाळू दिली नव्हती, तो म्हणाला, "बरा आहे." मी मागे उभा होतो. मी होकाराची मान हलवली.

आठव्या दिवशी नाना स्वतः तांब्याभर पाणी प्याले आणि कठड्यावर डोकं टेकवून मुलासाठी रडले. घासलेटच्या बाटल्या कधीच घरी गेल्या होत्या. त्या आठवड्यात रंगाऱ्याच्या सुनेला मुलगा झाला.

शाळेत सगळ्यांनी मास्तरांचं कौतुक केलं. मास्तर नकाशांच्या खोलीत जाऊन बसले. मी मागोमाग गेलो.

"विधान खरं होतं, पंडित. सिद्धता खोटी होती."

मी म्हणालो, ताप पाण्याचा नव्हता.

"कशावरून?"

 त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, जशी ते वर्गात पाहत.

"मलाही ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "ठाऊक असतं तर मी नानांना सांगितलं असतं."

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्यांनी भूमिती सोडली. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं, तर म्हणाले, घसा बसतो. पुढे बदली मागून ते पुन्हा अक्कलकुव्याला गेले आणि लहान मुलांना पाढे शिकवू लागले. तिथल्या पाण्याने, तिथल्या तापाने काय होईल हे आम्हा दोघांना माहीत होतं. मी त्यांना जाऊ नका म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्यांनी कारण विचारलं असतं, आणि मला त्या आठ दिवसांविषयी पुन्हा बोलायची भीती वाटत होती.

तिसऱ्या पावसाळ्यात त्यांच्या तिथल्या शेजाऱ्याचं कार्ड आलं. चार ओळी होत्या. तापाने गेले, एवढंच.

आता नानाही नाहीत, रंगारीचाचाही नाही. त्या आठवड्यात जन्मलेला मुलगा आजोबाच्या घरात आजोबाचाच धंदा करतो. गल्ली त्याच विहिरीचं पाणी पिते, आणि मास्तर आठ दिवस पाणी प्याले आणि त्यांना काही झालं नाही, असं सांगते. मी आजवर ते कधी खोडलं नाही.