डफडं माझं, आदेश वरचा

आमच्या गावात पूर येणार हे सांगायचं काम माझं होतं. मी कोतवाल. तहसीलचा निरोप आला की गळ्यात डफडं अडकवायचं आणि गल्लोगल्ली दवंडी द्यायची. मोबाईल आता घरोघरी आहेत, पण नदीकाठची म्हातारी माणसं डफड्याशिवाय हलत नाहीत.

एका पावसाळ्यात मी शहाणपणा केला. नदी फुगलेली पाहून आदेशाची वाट न बघता दवंडी दिली. ऐन धान रोवण्याचे दिवस. बायामाणसं बांधीतला चिखल सोडून शाळेत येऊन बसली आणि पाणी वेशीवरूनच परत गेलं. रोवण्याचा दिवस बुडाला म्हणून गावानं मला धुतलं, वर तहसीलची नोटीस आली. तेव्हापासून कुणीही भेटलं की विचारायचं, "वरचा आदेश आहे, का तुहाच?"

पुढच्या वर्षी श्रावणात एका सकाळी नाल्यापलीकडचा म्हातारा ढिवर माझ्या दारात आला. अख्खा जन्म मासे धरण्यात गेलेला माणूस.

"भाऊ, नदीचं पाणी उलटं नाल्यात चढून राह्यलं. डफडं वाजव."

"आदेश नाई आला."

"माही बुढी ऐकत नाई. म्हणते, डफडं वाजल्याबिगर घर सोडत नाई. तिचे गुडघे तुले माहीत आहेत. मंग पळता येणार नाई तिले."

मी तहसीलला फोन लावला. ते म्हणाले, जिल्ह्याला विचारतो. जिल्हा धरणावर विचारत होता. धरण राज्याचं, पुराचा अंदाज केंद्राचा, बोट जिल्ह्याची. डफडं तेवढं माझं. ते समोर खुंटीवर होतं. मी भ्यालो होतो, आणि पाण्याला नाही, नोटिशीला. म्हाताऱ्याला म्हटलं, अर्धा तास थांबा. तो नाल्यावर बांधलेला आपला डोंगा, लाकडी होडी, सोडायला गेला.

आदेश दुपारी आला. मी धावलो तोवर पलीकडची वस्ती तुटली होती. अलीकडच्या काठावरून मी जीव तोडून वाजवत राहिलो. पाण्याच्या आवाजात मलाच धड ऐकू येत नव्हतं, पण तिला आलं. ओट्यापर्यंत पाणी टेकलं होतं. म्हाताऱ्याचा डोंगा दारापासून चार हातांवर होता. म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं आणि पायरी उतरली. डोंगा दाराशी लागला तेव्हा पाण्यावर नुसतं गाठोडं होतं.

नंतर पाहणीला पथकं आली, राज्याचं आणि केंद्राचंही. फॉर्मवर प्रश्न होता, दवंडी दिली होती का. मी लिहिलं, होय. वेळही लिहिली. ती आदेशाच्या वेळेशी बरोबर जुळली, म्हणून साहेबांनी मान डोलावली. मला माझीच किळस आली. साक्षीदार म्हणून त्या म्हाताऱ्याला बोलावलं. तो अंगठा उठवणार नाही असं मला वाटलं होतं, उठवू नये असंही वाटत होतं.

त्यानं शाई लावली, अंगठा टेकवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वाजलं ना, भाऊ. म्हणून तर ती निंगाली."