मधुमती टिपणीस गाडी शिकली

डॉ. मधुमती टिपणीसला गाडी चालवता येत नाही, हे लंडनच्या सगळ्या हाउन्सलो भागाला ठाऊक होतं. ती तिथेच जन्मली, तिथेच एकतीस वर्षं जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर होती. होम व्हिजिटला जायची ती सायकलवरून, नाहीतर बसने. ड्रायव्हिंग टेस्ट पाचदा दिली, पाचदा नापास. पाचव्या वेळी तर परीक्षक अर्ध्यातच उतरला आणि चालत ऑफिसला गेला.

साठाव्या वर्षी ती रिटायर झाली आणि महिन्याभरात कंटाळली. युक्रेनच्या युद्धाला वर्ष होऊन गेलं होतं. तिच्या बॅचचे दोन सर्जन तिकडे जाऊन आले होते. तिनेही एका मदतसंस्थेला फोन लावला.

"आम्हाला सर्जन हवेत, डॉक्टर," पलीकडची मुलगी अदबीने म्हणाली. "जीपींची गरज पडली तर कळवू." मग जरा थांबून, "पण जुन्या ॲम्ब्युलन्स तिकडे पोचवायच्या आहेत. गाडी चालवता ना तुम्ही?"

"चालवते की!" मधुमती म्हणाली, आणि फोन ठेवून स्वतःच दचकली. निघायला चार महिने होते.

तिची आई सुनेत्राबाई, वय पंच्याऐंशी, चहाचा कप हातात धरून बघतच राहिली. "अगं, तू चालताना खांबाला धडकतेस!"

"आई, मी माझा गाडी एकदम नीट चालवणार."

"आधी 'माझी गाडी' म्हणायला शीक. मग चालव."

शिकवायला तयार झाले ते एकटे ज्ञानेश्वर मोहिते. पूर्वी बस चालवायचे, आता लोकांना गाडी शिकवायचे, आणि वीस वर्षं मधुमतीचेच पेशंट. पहिल्या दिवशी त्यांनी सीटबेल्ट लावला आणि खुशीत म्हणाले, "वीस वर्षं तुम्ही मला मीठ खाऊ दिलं नाहीत, डॉक्टर. आता मी सांगेन ते तुम्ही ऐकायचं. आरसा बघा!"

तिने आरसा बघितला, म्हणून समोरचं बघायचं राहिलं. राउंडअबाउटच्या मधोमध गाडी तीनदा बंद पडली. मागे दोन बस, एक कचऱ्याची गाडी, सगळे हॉर्न वाजवतायत. मधुमतीला असं हसू फुटलं की क्लच दाबता येईना. "अहो, हसताय काय!" म्हणता म्हणता ज्ञानेश्वरही डॅशबोर्डवर हात टेकून हसायला लागले. लेसन संपला की ती त्यांचं बीपी तपासायची. ते दर वेळी चढलेलं असायचं.

सहाव्या टेस्टला ती पास झाली. तिने परीक्षक बाईंना मिठी मारली, ज्ञानेश्वरांना मारली आणि त्या भरात पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसालाही. त्यानेही तिचं अभिनंदन केलं.

ॲम्ब्युलन्स घेऊन ती आणि ज्ञानेश्वर दोघंच निघाले. आळीपाळीने चालवायचं ठरलं होतं, पण मधुमती सीट सोडायलाच तयार नव्हती. जर्मनी तिने मोठमोठ्याने आरत्या म्हणत पार केली. चौथ्या दिवशी ते पश्चिम युक्रेनमधल्या एका गावी पोचले. दवाखान्याच्या अंगणात किल्ली सोपवून परतायचं, एवढंच काम होतं. पण गाडीतून डॉक्टर उतरल्यात हे कळलं आणि अर्ध्या तासात गावातल्या म्हाताऱ्या बायकांची रांग लागली.

गावचा डॉक्टर वर्षभर आघाडीवर होता. शाळेतली शिक्षिका ओक्साना बायकांचं बोलणं इंग्रजीत सांगू लागली. रांगेत पहिली होती हान्ना, सत्तरीची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. बीपी दोनशे दहा.

"गोळ्या कधी संपल्या?"

"पाच महिने झाले. माझ्या मुलाला सांगू नका. तो लढतोय, त्याला उगाच काळजी."

मधुमतीने तिचा हात हातात घेतला. जखमींना सर्जन होते. हान्नाला कुणीच नव्हतं. जिल्ह्याच्या हॉस्पिटलने फोनवर होकार दिला, नर्सने टेबल मांडलं, आणि तीन दिवसांत मधुमतीने एकशे चाळीस पेशंट बघितले. सायरन वाजला की सगळे तळघरात, आणि बीपीचं मशीन तिच्या काखेत. खाली एकामागून एक दंड पुढे यायचे, ज्ञानेश्वर बॅटरी धरायचे. शेवटच्या दिवशी बायकांनी तिला अंगणात ओढून गोल गोल नाचवलं. इतकं नाचवलं, की चक्कर येऊन ती मातीत बसली आणि बसल्या बसल्या हसत राहिली. कॉलेज सोडल्यापासून ती इतकी हसली नव्हती.

सीमा ओलांडून विमानाने परत आली, लंडनच्या पिकॅडिली लाइन मेट्रोने घरी पोचली, तोच मदतसंस्थेतल्या त्या मुलीचा फोन. गावाने पत्र पाठवलं होतं: जीपीच हवी.

तेव्हापासून चार फेऱ्या झाल्या. मधल्या काळात दर बुधवारी सकाळी व्हिडिओ कॉल असतो. हान्नाचं बीपी आता ताब्यात आहे. मुलगा अजून आघाडीवरच आहे, रविवारी त्याचा फोन येतो. मागच्या बुधवारी हान्नाने स्क्रीनसमोर आपली शेळीच आणून उभी केली, आणि शेळीने नर्सच्या हातातला कागद खाल्ला. सुनेत्राबाई लगबगीने खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"दूध किती देते गं?" त्यांनी चक्क मराठीत विचारलं.

हान्नाने युक्रेनियनमध्ये भलंमोठं उत्तर दिलं.

"बघ, म्हटलंच होतं मी!" सुनेत्राबाई म्हणाल्या, आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"आई, सरक ना, माझे पेशंट वाट बघतायत."

"थांब गं जरा," सुनेत्राबाई म्हणाल्या, "आमचं बोलणं चाललंय."