समझाव-सिस्टर

वडिलांचा हात देवासच्या कारखान्यात मशीनमध्ये सापडला, तेव्हा दवाखान्यात आईपुढे एक हिंदी कागद ठेवला गेला. आई नांदेडकडची, हिंदी जेमतेम. तिनं सही केली. शुद्धीवर आल्यावर वडिलांनी पहिलं विचारलं, "माझी बोटं कुठायत?" पुढं आईनं कामगारांचे डबे करून आम्हाला शिकवलं. मी नर्सिंगची डिग्री घेतली. घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. त्याचा तोरा होता, नाकारत नाही.

पण समझाव-सिस्टरपुढं तो चालेल तर शपथ! आमच्या वॉर्डाच्या या इनचार्ज, धारच्या जुन्या मराठी घरातल्या. ऑपरेशनच्या कागदावर अंगठा घेण्याआधी त्या पेशंटजवळ स्टूल ओढून बसत आणि माळवीत म्हणत, "अब तू म्हारे समझाव, बाई, कई होयगो?" काय होणार ते पेशंटनं आपल्या शब्दांत सांगितलं तरच अंगठा. तोवर शाईचा पॅड यांच्या खिशात. एकेकीला अर्धा तास! दारात स्ट्रेचर उभं, वरून डॉक्टरांचे फोन, आणि बोलणी कोण खाणार? मी.

"सिस्टर, सगळं वाचून दाखवलंय हो मी!"

"वाचलंस तू, पोरी. कळलं कुणाला?"

एकदा पीपलरावां गावची एक बाई होती. सिस्टर जेवायला गेल्या, तेवढ्यात मी ऑफिसातून दुसरा पॅड आणून अंगठा उरकला. थिएटरच्या दारातच सिस्टरनी स्ट्रेचर अडवलं. "कई होयगो, बाई?"

"गांठ काढेगा."

कागदावर गाठीसकट गर्भाशय काढायचं होतं. डॉक्टरांना माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं, मला माहीत होतं.

स्ट्रेचर मागं फिरलं. डॉक्टर कडाडले. नवरा म्हणाला, "मैंने हाँ बोल दिया है ना!"

"पेट थारो है कई, भिया?" सिस्टर म्हणाल्या.

दोन दिवस बाई रडली, विचारत राहिली. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "काढी दो." म्हणजे शेवटी तेच ऑपरेशन! मी वैतागून म्हटलं, "मग मिळवलं काय आपण?"

सिस्टर हात धूत होत्या. "जागी झाल्यावर ती विचारणार नाही, माझं काय नेलंत म्हणून."

वडिलांच्या बोटांबद्दल मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

वर तक्रार गेली. सिस्टरना स्टोअरमध्ये बसवलं, तिथूनच त्या रिटायर झाल्या. जाताना पॅड माझ्या हातात कोंबला. "घे. बोलणी आता सगळी तुझीच."

आता इनचार्ज मी आहे. नव्या मुली माझ्यामागं कटकट करतात, करू देत. आमच्या वॉर्डात, पेशंटनं स्वतःच्या तोंडानं सांगितल्याशिवाय कुणाचाही अंगठा घेतला जात नाही.